भूकंपाच्या साली आक्का किती वर्षांच्या होत्या?

आक्कांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५९. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे. कागदाच्या हिशेबाने आक्का तेव्हा नऊ वर्षांच्याही नव्हत्या. आक्कांना हा हिशेब मान्य नाही. "भूकंप झाला तवा मी सासरी हुते. पहाटंचं दळाय बसले हुते. जातं हाललं, मला वाटलं मलाच भवळ आली," असं त्या सांगतात आणि वर "लगीन हून दुसरी दिवाळी झाली हुती" अशी पुरवणी जोडतात. सासर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या ऐन तोंडावरचं. त्या पहाटेची आठवण चुकायची शक्यता कमी, कार्डाची जास्त. नुसतं वय सांगितलं आणि तारीख ठाऊक नसली की नोंदणीत १ जानेवारी पडते. ते वयसुद्धा आक्कांनी नाही, कॅम्पात शेजारी उभ्या असलेल्या कुणा पुतण्याने सांगितलं होतं.

हा विषय निघाला तो सत्तरीपुढच्यांच्या कार्डावरून. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान योजना सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता खुली केली. वय बघायचं ते आधारवरचं. तिथे आक्का ६६. त्यांचा धाकटा भाऊ, कराडला राहणारा निवृत्त गणिताचा मास्तर, १ जून १९५५चा. त्याला कार्ड मिळालं. कागदोपत्री धाकटा भाऊ थोरल्या बहिणीपेक्षा साडेतीन वर्षांनी मोठा! आणि या १ जूनची तरी काय शाश्वती? सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, पानंच्या पानं १ जूनला जन्मलेली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हेडमास्तरांना तारीख हवी असायची, आणि बापाला एवढंच ठाऊक असायचं की पोर 'पेरणीच्या आगंमागं' झालं.

कराडच्या त्या घरी रविवारी भाची आली होती. मिरजेला एमबीबीएस करून आता पीएसएममध्ये, म्हणजे रोगी एकेकटा न बघता गावच्या गाव बघणाऱ्या शाखेत, एमडी करते आहे. मामांना आयतं गिऱ्हाईक मिळालं.

"तुम्हा डॉक्टरांचं मी एक बघितलंय," मामा म्हणाले. "माणूस दारात आला की नाव, आणि लगेच वय. केसपेपरची दुसरी रेघ. तुमचं सगळं संशोधन त्या रेघेवर उभं. आणि ती रेघ कुणी भरली? पुतण्यानं."

"त्या रेघेत निम्मं निदान असतं, मामा. वीस वर्षांच्या पोराच्या छातीत दुखलं तर आम्ही एक विचार करतो, साठीच्या माणसाच्या दुखलं तर दुसरा. वय काढून टाकलं तर आमच्या हातात उरतं काय?"

मग तिने गॉम्पर्ट्झ काढला. बेंजामिन गॉम्पर्ट्झ हा लंडनचा गणिती, विम्याचे हिशेब करणारा. १८२५ साली त्याने दाखवलं की मोठेपणी मृत्यूची जोखीम चक्रवाढीने वाढत जाते. आजच्या आकड्यांत ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. मधल्या दोनशे वर्षांत प्लेग आला, लशी आल्या, अँटिबायोटिक्स आली. सगळी रेषा खाली सरकली, पण तिची चढण फारशी बदलली नाही. कोविडमध्ये तेच दिसलं. २०२०मध्ये श्रीमंत देशांतल्या आकडेवारीची गोळाबेरीज झाली, तेव्हा संसर्ग झालेल्यांतल्या मृत्यूचं प्रमाण पंचविशीत ०.०१ टक्के होतं, पंचावन्नला ०.४, पंच्याहत्तरीला ४.६ आणि पंच्याऐंशीला १५ टक्के. "साखर, बीपी, वजन, कुठल्याही कारणाने जोखीम हजार-दीड हजार पट होत नाही," भाची म्हणाली. "वयानं होते."

चक्रवाढ म्हटल्यावर मामा क्षणभर विरघळले. पण लगेच सावरले.

"कबूल. पण वय मोजता कसं? तुझ्या सर्वेक्षणाची वही दाखव बघू."

वही म्हणजे लॅपटॉपवरची यादी. मामांनी ती वयानुसार लावून घेतली आणि बोट ठेवत गेले: ५० वर गर्दी, ५१ ओस, ५५ वर गर्दी, ६० वर जत्रा, ६१ पुन्हा ओस. हे काही त्यांनी नवं शोधलं नव्हतं. जनगणनावाल्यांना हा रोग शंभर वर्षांहून जुना माहीत आहे आणि त्यावर व्हिपल निर्देशांक नावाचं माप आहे: २३ ते ६२ या वयांत शून्य किंवा पाचने संपणारी वयं किती ते मोजायचं, सगळी खरी असतील तर १००, सगळीच ठोकून दिलेली असतील तर ५००. "म्हणजे साठीत हृदयविकार वाढतो असं जेव्हा तुम्ही छापता," मामा म्हणाले, "तेव्हा त्या साठीत अठ्ठावन्नचे पण आलेत आणि सदुसष्टचे पण."

त्यांच्याकडे याहून मोठा दारूगोळा होता. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाला २०२४ साली इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं हे बक्षीस. दीर्घायुषी लोकांचा अभ्यास करणाऱ्यांची त्याने पंचाईत केली होती: अमेरिकेतल्या राज्यांत जन्मदाखल्याची पद्धत सुरू झाली, तशा ११० वर्षांपुढच्या माणसांच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटल्या. माणसं कमी जगायला लागली नव्हती, नोंदी खऱ्या व्हायला लागल्या होत्या. जपाननेही २०१० साली कागदपत्रं तपासली, तेव्हा शंभरीपुढची दोन लाखांवर माणसं फक्त रजिस्टरात जिवंत निघाली.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "वय चुकीचं लिहिलं जातं म्हणून वय टाकून द्यायचं? मग मी एक गणित घालते, तुम्ही सोडवा." गणित असं होतं. २०२०च्या नमुना नोंदणी अहवालात केरळचा मृत्युदर हजारी ७.०, बिहारचा ५.४. मग केरळपेक्षा बिहार निरोगी का?

मामांनी चष्मा काढला. "केरळात म्हातारी जास्त."

"बरोबर. अर्भकं बघा: केरळात हजारी ६ दगावतात, बिहारात २७. प्रत्येक वयोगट वेगळा मांडला की चित्र उलटं होतं. वय न बघता तुलना केली असती तर आपण केरळला दवाखाने सुधारा म्हणून सांगत बसलो असतो. आता हेच आपल्याकडे लावा. ढेबेवाडी खोऱ्यातली, जावळीतली तरणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, माथाडीत. विटा-आटपाडीकडची गलाईला, देशभर. गावात राहिलं कोण? अशा गावाचा आणि पिंपरी-चिंचवडचा हार्टअॅटॅकचा दर शेजारी शेजारी छापला की गावच्या पाण्यात काहीतरी आहे असं वाटायला लागतं. पाण्यात काही नाही. तरणी माणसं मुंबईत आहेत."

इथे भाचीची बाजू भक्कम आहे आणि ती मान्य करायला हवी. वयाचा हिशेब घातल्याशिवाय दोन गावांची, दोन जिल्ह्यांची, दोन दशकांची तुलनाच होत नाही. साताऱ्यात हा रोग वाढला आणि सांगलीत तो घटला अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच विचारावा: वयाचा हिशेब धरलाय का? बहुतेक वेळा धरलेला नसतो.

मामा मात्र गलाईवर अडकले. गलाई म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. खानापूर तालुक्यातल्या माणसांनी तो तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत नेला. छोट्या खोलीत भट्टी आणि तेजाबाचा धूर. "पंधराव्या वर्षी गेलेला पोरगा पन्नाशीत गावी येतो. तुझ्या रकान्यात तो ५०. त्याच्या बांधाशेजारी मास्तरकी केलेला, तोही ५०. दोघांची फुप्फुसं एका वयाची आहेत?"

"नाहीत. म्हणून तर आम्ही धंदा वेगळा विचारतो."

"आज काय करता ते विचारता. तो म्हणतो, शेती."

यावर भाची काही बोलली नाही; टिपण केलं.

मामांनी दरम्यान आक्कांच्या जन्माचा खरा पुरावा शोधायचा उद्योग केला होता. माहेर वाळवा तालुक्यातलं. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी गावोगावची कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ची जुनी रजिस्टरं, कपाटांतून बाहेर निघाली, आणि लोकांना जातीबरोबर आज्या-पणज्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखाही सापडायला लागल्या. मामांना वडिलांच्या नावावर दोन नोंदी मिळाल्या. दोन्हीत लेकराचं नाव नाही, नुसतं 'मुलगी'. एक १९४८ची, एक १९५१ची. पहिल्या नोंदीत जिल्हा सातारा, दुसरीत दक्षिण सातारा. कारण १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि खालच्या तुकड्याला सांगली हे नाव १९६०मध्ये मिळालं. गाव एकच, जिल्हे दोन. यातली एक मुलगी लहानपणीच गेली. कोणती, ते सांगणारं आता कुणी नाही. म्हणजे आक्का एक तर ७४च्या, नाहीतर ७७च्या. भूकंपाला सोळा किंवा एकोणीस.

"तीन वर्षांचा फरक, काय बिघडतं?" मामा म्हणाले.

"तीनने फार नाही. पण आधारवरचे ६६ धरले तर बिघडतं." भाचीने आक्कांचा महिन्यापूर्वीचा रिपोर्ट ओढला. वजन ४६ किलो, क्रिएटिनिन १.२. मूत्रपिंड रक्त किती साफ करतं याचा अंदाज घ्यायला डॉक्टर १९७६चं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र अजून वापरतात: १४०मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, बाई असेल तर ०.८५ने गुणा. मामांनी कागदावर मांडलं. वय ६६ धरून उत्तर ३३.५. वय ७४ धरून २९.९. वय ७७ धरून २८.५.

"आणि ओळ कुठे आहे? तीसवर," भाची म्हणाली. "उद्या आक्काला हार्टअॅटॅक आला आणि रक्त गोठू नये म्हणून एनॉक्सापारिनचं इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर तीसच्या वर दिवसातून दोनदा, तीसच्या खाली एकदाच. पुतण्याच्या सांगण्यावर गेलो तर औषध दुप्पट. अंगात रक्तस्राव झाला तर केसपेपरवर लिहिणार, उतारवय."

मामांनी गणित दोनदा तपासलं. हे असं उदाहरण होतं की दोघांनाही ते आपल्याच बाजूचं वाटलं. भाचीच्या मते यातून सिद्ध होतं की वय नेमकं कळलंच पाहिजे. मामांच्या मते यातून सिद्ध होतं की ज्या देशात वय नेमकं कळत नाही तिथे असली सूत्रं जपून वापरली पाहिजेत. शिवाय त्यांनी विचारलं, हे सूत्र काढलं कुणावरून? उत्तर ऐकून ते हसले: कॅनडातल्या २४९ रुग्णांवरून, आणि त्यातले बहुतेक सगळे पुरुष. ते ०.८५ आक्कांच्या वाट्याला अंदाजाने आलेलं आहे.

आता मामांचा खरा मुद्दा आला. "वय एवढं महत्त्वाचं, तर मग औषधं तपासताना म्हाताऱ्यांना बाहेर का काढता?"

हा आरोप खरा आहे, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या कर्करोगाच्या चाचण्यांचा एक आढावा १९९९मध्ये प्रसिद्ध झाला: कर्करोग होणाऱ्यांत पासष्ट आणि त्यापुढचे ६३ टक्के, चाचण्यांत घेतलेल्यांत ते फक्त २५ टक्के. ज्यांना रोग होतो त्यांच्यावर औषध तपासायचं नाही, आणि तपासून झालं की त्यांनाच द्यायचं. उंदरांपासूनच हे सुरू होतं. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात ते आठ-बारा आठवड्यांचे उंदीर. माणसाच्या हिशेबात ते विशीला टेकलेले. साठी-सत्तरीच्या माणसाशी तुलना करायची तर उंदीर दीड-दोन वर्षं पाळावा लागतो. तेवढा खर्च कोण करतो? मग पक्षाघाताचं औषध तरण्या उंदरात चालतं आणि आजोबांत चालत नाही, याचं नवल वाटून घ्यायचं. अमेरिकेच्या एनआयएच या संशोधन संस्थेने २५ जानेवारी २०१९पासून नियम केला की माणसांवरच्या अभ्यासातून कुठलंही वय वगळायचं असेल तर कारण द्या. १९९८मध्ये तो नियम मुलांपुरता झाला होता. म्हाताऱ्यांपर्यंत यायला आणखी एकवीस वर्षं गेली.

"ऐंशीपुढच्यांचं बीपी उतरवावं की नाही यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद होता," भाचीने कबूल केलं. "काही म्हणायचे, या वयात जरा जास्तच बरं. मग ऐंशी आणि पुढच्याच ३,८४५ माणसांवर चाचणी केली, हायव्हेट नावाची. निकाल २००८ला आला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी. चाचणी मुदतीआधी थांबवली, कारण दुसऱ्या गटाला गोळी न देणं अन्यायाचं झालं असतं."

"म्हणजे तोवर ऐंशीपुढची माणसं अंदाजावर जगली."

"आणि उलटंही झालंय. तुमच्या प्रीतिसंगमावरच्या मंडळींना विचारा, अॅस्पिरिनची छोटी गोळी किती जण घेतात."

कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा घोळका आहे. त्यात मामा आहेत. गोळी बरेच जण घेतात, रक्त पातळ राहावं म्हणून, कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कुणी शेजाऱ्याच्या. हृदयविकार होऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय त्यांना ती हवीच, ती आपल्या मनाने बंद करायची नाही. पण ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांचं काय? ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ धडधाकट वृद्धांवर, बहुतेक सत्तरीपुढच्या, ती तपासली. २०१८मध्ये निकाल आला: धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला, २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर. पन्नाशीतल्या माणसांच्या अनुभवावरून पंच्याहत्तरीच्या माणसाला गोळी देण्याची ही किंमत. मामांनी ही माहिती संगमावर न्यायचं ठरवलं. तिथे ती कितपत चालेल ही गोष्ट वेगळी.

पण भारतातला वयाचा प्रश्न म्हाताऱ्यांपाशी संपत नाही, तो त्यांच्या अलीकडे सुरू होतो. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांचा निबंध २००७मध्ये 'जामा'त आला. बावन्न देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातले आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्टअॅटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५८.८व्या. "परदेशी पुस्तकात पन्नाशी म्हणजे सावध राहायचं वय," भाची म्हणाली. "आपल्याकडे तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आपला सरकारी तपासणी कार्यक्रम तिशीपासून आहे."

"म्हणजे आपली त्रेपन्न म्हणजे त्यांची एकोणसाठ," मामा म्हणाले. "मग वय हा आकडा जगभर एकच आहे असं धरून का चालता?"

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षात जन्मलेल्या १,०३७ बाळांचा पाठपुरावा अजून चालू आहे. ती सगळी ३८ वर्षांची झाली तेव्हा त्यांचं रक्त, फुप्फुसं, मूत्रपिंड, दात असं सगळं मोजून शरीराचं वय काढलं. ते २८ पासून ६१ पर्यंत पसरलं. दाखल्यावर सगळे अडतीस! हे भाचीने सांगितल्यावर मामांचा चेहरा उजळला, कारण १९७२ म्हणजे आपल्याकडे दुष्काळ. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडीवर वाढलेली पोरं. त्या वर्षी पोटात असलेली लेकरं आज बरोबर त्रेपन्नच्या आसपास आहेत.

भाचीने इथे हात वर केला. दुष्काळात जन्मलेल्यांना हार्टअॅटॅक लवकर येतो असं ती म्हणायला तयार नव्हती. "दोन त्रेपन्न शेजारी आले म्हणून नातं जडत नाही, मामा. पण विचार चुकीचा नाही. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं बघताहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीनची. पण आपलं बाळ दिसतं बारीक आणि अंगात चरबी तुलनेनं जास्त. पुढच्या मधुमेहाची तयारी पोटातच सुरू होते. म्हणजे शरीराचं वय मोजायला सुरुवात कुठून करायची, हाच प्रश्न आहे."

आणि मग तिने असं उदाहरण दिलं की मामांचा भूकंपच संशोधनात आला. २०१६मध्ये 'सायन्स'मध्ये एक शोध आला: बर्ड फ्लूचे दोन विषाणू, एच५एन१ आणि एच७एन९, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना गंभीर का होतात? उत्तर वयात नव्हतं, जन्मसालात होतं. १९६८च्या आधी जन्मलेल्यांना लहानपणी ज्या जातीचा फ्लू झाला त्याने त्यांना एच५एन१पासून बरंच संरक्षण दिलं. १९६८ला जगात वेगळ्या जातीचा फ्लू आला, आणि त्यानंतरच्या पोरांना एच७एन९पासून. पहिला फ्लू शरीर विसरत नाही. माणूस चाळीसचा आहे की साठचा यापेक्षा तो १९६८च्या अलीकडचा की पलीकडचा, हे महत्त्वाचं.

"म्हणजे भूकंपाच्या आधीचा का नंतरचा!" मामा म्हणाले. "गावात वय असंच सांगतात. आमची आजी सांगायची, मानमोडीत तिचे दोन दीर गेले, दोघंही ऐन उमेदीतले."

मानमोडी म्हणजे १९१८ची फ्लूची साथ. मुंबई इलाख्यात तिने दहा लाखांच्या आसपास माणसं नेली, आणि नेहमीच्या फ्लूसारखी फक्त तान्ही आणि म्हातारी नव्हेत, तर वीस ते चाळीस वयातली. परदेशातल्या नोंदींवरून काढलेलं मृत्यूंच्या शिखराचं वय २८ आहे. म्हणजे १८९०च्या सुमाराला, आधीच्या मोठ्या साथीत जन्मलेली. त्यांच्या शरीराने पहिला धडा भलत्याच विषाणूवर गिरवला होता, असं काही संशोधकांना वाटतं. मामांच्या आजीला हे कळायचं कारण नव्हतं, पण तिच्या मोजणीत साल होतं.

सर्वेक्षण करणारेही गावातल्या घटनांची यादी घेऊन जातात, हे भाचीने सांगितलं: प्रतिसरकार, गांधीवधानंतरची जाळपोळ, भूकंप, दुष्काळ. पण त्यांचा उपयोग वय काढण्यापुरता. आकडा मिळाला की यादी बाजूला. मामांचं म्हणणं, यादी ठेवा आणि आकडा बाजूला. भाचीला हे अति वाटलं, आणि ते आहेच. घटनेवरून औषधाचा डोस ठरत नाही, क्रिएटिनिनच्या सूत्रात भूकंप घालता येत नाही.

"रक्त बघून आक्काचं वय सांगता येतं म्हणे आता?" मामांनी विचारलं.

येतं, अंदाजे. २०१३मध्ये स्टीव्ह हॉर्वथने जनुकांवरच्या ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणा वाचून वय सांगणारं घड्याळ बनवलं. त्याची चूक साधारण साडेतीन वर्षांच्या आसपास. "१९४८ का १९५१, हे त्यालाही नाही सांगता येणार," भाची म्हणाली. "आणि ते खरं वय सांगणार का झिजलेलं, हा घोळ वेगळाच."

तेवढ्यात मामांच्या हाती तिच्या शोधनिबंधाचा मसुदा लागला. विषय मधुमेह आणि मूत्रपिंड. सहभागाचा निकष: वय १८ ते ६५.

"हे पासष्ट कुठनं आलं?"

"सगळे तसंच लिहितात." मग जरा थांबून तिने खरी कारणं सांगितली. पासष्टीपुढे माणसाला एकच रोग नसतो, गोळ्या सात-आठ, ऐकू कमी येतं, संमतीपत्र वाचून दाखवायला वेळ जातो, दुसऱ्या तपासणीला माणूस येत नाही. आकडे विस्कटतात. सकाळी आठला उपाशीपोटी रक्त द्यायला मिरजेत हजर राहावं लागतं.

"पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, २०२२पासून. पण ढेबेवाडीहून पहिली गाडी धरून, कराडला बदलून, आठला मिरज? साखरेची म्हातारी उपाशीपोटी एसटीत बसवणार तू?"

गावातच रक्त घ्यायचं तर वेगळी अडचण. नळीतल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. फ्लोराइडच्या नळीतही पहिला तास-दोन तास ती घटतेच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी उपाशी न राहता होते, पण रक्त कमी असलेल्या बाईत ती फसवते, आणि म्हाताऱ्या बाया बहुतेक रक्त कमी असलेल्याच. म्हणजे उपकेंद्रात सेंट्रीफ्यूज हवं, बर्फाची पेटी हवी, तंत्रज्ञ हवा. भाचीने खर्चाच्या रकान्यात ते लिहिलं. वयासाठी दोन रकाने केले, आधारवरचं आणि घटनेवरून काढलेलं. मामांना तिसरा हवा होता, आधी काय काम केलं त्याचा. तिने फॉर्म एका पानाचाच राहिला पाहिजे म्हणून सांगितलं, नाहीतर आशाताई भरत नाहीत. शेवटी 'धंदा' खोडून 'आयुष्यात सर्वांत जास्त वर्षं केलेलं काम' असं लिहिलं गेलं.

वयाची वरची मर्यादा काढली तर सत्तरीपुढचे दोन-चारच येऊन उपयोग नाही, त्यांचा वेगळा गट मोजावा लागेल, हे मामांनीच दाखवून दिलं. मग नमुना जवळपास दुप्पट होतो, आणि एमडीची मुदत तीनच वर्षांची. यावर मामांकडे तोड नव्हती. त्यांनी ६५ खोडून ८५ लिहायला घेतलं. भाचीने पेन काढून घेतलं, '१८ वर्षे आणि पुढे' असं लिहिलं आणि गाईडना काय सांगायचं ते सोमवारी बघू म्हणाली.